बाँडचे दोन्ही पोर्ट ‘अप’, तरी ट्रॅफिक एकाच केबलवर: मोड ४ कसा तपासायचा

प्रश्न असा आहे. रेड हॅट ९ च्या घराण्यातला सर्व्हर, ईएनओ१ आणि ईएनओ२ हे दोन १० गिगाबिट पोर्ट, दोन्ही मिळून बाँड० (बाँड म्हणजे अनेक पोर्ट मिळून केलेला एक जोड), मोड ८०२.३एडी, म्हणजेच मोड ४. एक केबल रॅकमधल्या वरच्या स्विचला, दुसरी खालच्या. दोन्हीकडे हिरवे दिवे, दोन्ही पोर्ट ‘अप’. तरी सगळे ट्रॅफिक ईएनओ१ वरूनच जाते. शिवाय वरचा स्विच रीबूट केला की सर्व्हर साधारण दीड मिनिट गायब होतो आणि नंतर आपोआप परत येतो.

ही एका दुखण्याची दोन लक्षणे नाहीत, दुखणीच दोन आहेत. ट्रॅफिक एका केबलवर अडकते, कारण दोन स्विच एलएसीपीच्या (केबल एकत्र जोडण्यासाठी सर्व्हर आणि स्विचमध्ये होणारी बोलणी, मोड ४ त्यावरच चालतो) दृष्टीने एकमेकांना ओळखत नाहीत. दीड मिनिट जाते, कारण एलएसीपी संथ गतीवर आहे. पण माझ्या शब्दावर विसंबून कन्फिग बदलू नका, आधी सर्व्हरला विचारा. त्याला सगळे माहीत असते. बहुतेक जण फक्त ‘अप’ एवढे वाचून फाइल बंद करतात.

(कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टाइप करताना अर्थात रोमन लिपीत करायच्या.)

सुडो कॅट /प्रॉक/नेट/बाँडिंग/बाँड०

सुडो विसरू नका. ही फाइल साध्या युजरलाही उघडता येते, पण तेव्हा सक्रिय अ‍ॅग्रिगेटर (एकत्र चालणाऱ्या पोर्टचा गट), पार्टनरचा म्हणजे समोरच्या स्विचचा मॅक (हार्डवेअर पत्ता) आणि एलएसीपीचा तपशील गुपचूप गाळला जातो. कसली एरर येत नाही, त्यामुळे काही सुटले आहे हेच कळत नाही.

या फाइलमधली ‘एमआयआय स्टेटस: अप’ ही ओळ सर्वात जास्त दिशाभूल करते. कार्डाला समोरून कॅरियर, म्हणजे केबलवरचा सिग्नल, मिळतो आहे, एवढाच तिचा अर्थ. समोरच्या स्विचने एलएसीपी मान्य केले का, ते या ओळीवरून समजत नाही. त्यासाठी तीन गोष्टी पाहायच्या: पार्टनर मॅक अ‍ॅड्रेस, प्रत्येक पोर्टचा अ‍ॅग्रिगेटर आयडी, आणि पोर्ट स्टेटचा आकडा.

पार्टनर मॅक सगळा शून्य दिसला, म्हणजे ००:००:००:००:००:००, तर स्विचकडून एलएसीपीचे एकही पॅकेट आलेले नाही. डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या लॉगमध्ये, ‘लिंक पार्टनरकडून ८०२.३एडी प्रतिसाद नाही’ अशा अर्थाची वॉर्निंगही सापडेल. अशा वेळी बाँड मरत नाही. प्रत्येक पोर्ट एकेकटा अ‍ॅग्रिगेटर बनतो आणि त्यातला एक निवडून ट्रॅफिक चालू राहते. म्हणून स्विचकडे चॅनल (स्विचच्या बाजूचा पोर्टचा गट) बांधलेलाच नाही हे कित्येक महिने कोणाच्या लक्षात येत नाही. पिंग चालतो, एसएसएच चालते, मग कोण बघतो.

तुमच्याकडे पार्टनर मॅक भरलेला असेल असा माझा अंदाज आहे. खाली दोन्ही पोर्टच्या भागात अ‍ॅग्रिगेटर आयडी बघा. ईएनओ१ चा १ आणि ईएनओ२ चा २ असेल, तर निदान तिथेच झाले. एका बाँडमध्ये एका वेळी एकच अ‍ॅग्रिगेटर सक्रिय असतो. दुसऱ्यातले पोर्ट ‘अप’ असूनही राखीव बसून राहतात. आणखी खाली ‘डिटेल्स पार्टनर एलएसीपी पीडीयू’ या भागात सिस्टिम मॅक पोर्टनिहाय वेगळा दिसेल: ईएनओ१ समोर वरच्या स्विचचा, ईएनओ२ समोर खालच्या स्विचचा. एलएसीपीचा नियम साधा आहे. समोरची सिस्टिम एक आणि तिची कीही (गट ओळखण्याचा आकडा) एक, तरच दोन केबल एकत्र येतात. दोन स्विच दोन सिस्टिम आयडी सांगत असतील तर सर्व्हर त्यांना जोडणार नाही, आणि ते बरोबरच आहे.

सिस्टिम मॅक एकच पण अ‍ॅग्रिगेटर वेगळे, असेही घडते. मग कारणे वेगळी. स्विचवर दोन पोर्ट दोन वेगळ्या चॅनल गटांत टाकलेले असतात, तेव्हा पार्टनरची की वेगळी दिसते. किंवा एक पोर्ट १० गिगाबिटवर आणि दुसरा १ गिगाबिटवर उतरलेला असतो. वेग किंवा डुप्लेक्स जुळत नसेल तर आपल्याच बाजूची की बदलते आणि पोर्ट वेगळे पडतात. त्याच फाइलमध्ये प्रत्येक पोर्टखाली ‘स्पीड’ आणि ‘डुप्लेक्स’ लिहिलेले असते. तांब्याच्या केबलमध्ये एक जोडी खराब झाली की १ गिगाबिटचा पोर्ट १०० मेगाबिटवर घसरतो, आणि अ‍ॅग्रिगेटर का फुटला याचा शोध माणूस कन्फिगमध्ये घेत बसतो.

आता पोर्ट स्टेट. हा आकडा म्हणजे आठ खुणांची बेरीज. १ म्हणजे एलएसीपी सक्रिय, २ म्हणजे जलद कालमर्यादा, ४ एकत्र येण्याची तयारी, ८ सिंक झाले, १६ पॅकेट घेतोय, ३२ पॅकेट पाठवतोय, ६४ म्हणजे समोरच्याची माहिती नाही म्हणून गृहीत मूल्ये धरलेली, १२८ म्हणजे मुदत संपली. निरोगी बाँडमध्ये दोन्ही बाजूंना संथ गतीवर ६१ आणि जलद गतीवर ६३ दिसते. आपल्या बाजूला ६९ किंवा ७७ आणि पार्टनरच्या बाजूला १ दिसत असेल, तर ६४ ची खूण लागलेली आहे, म्हणजे समोरून काही येतच नाही. आपल्याकडे १३ वर अडकले असेल, म्हणजे १ अधिक ४ अधिक ८, तर आपण तयार आहोत पण समोरचा अजून सिंक म्हणत नाही. मग स्विचवर त्या पोर्टचे व्हीलॅन (नेटवर्कचा आभासी विभाग), एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) किंवा वेग चॅनलमधल्या बाकीच्या पोर्टशी जुळतात का ते बघायचे. या एका आकड्याने जेवढा वेळ वाचतो तेवढा कुठल्याच लॉगने वाचत नाही.

पार्टनर शून्य असेल आणि स्विचवाले ‘आमच्याकडून सगळे ठीक आहे’ म्हणत असतील, तर वाद घालू नका, तारेवर काय चालले आहे ते बघा:

सुडो टीसीपीडंप -आय ईएनओ२ -एनएन -ई ईथर प्रोटो ०एक्स८८०९

लक्षात ठेवा, बाँड० वर नाही, प्रत्यक्ष पोर्टवर. एलएसीपीची पॅकेटे ०१:८०:सी२:००:००:०२ या पत्त्यावर जातात. संथ गतीवर ती ३० सेकंदांतून एकदा येतात, म्हणून निदान ४० सेकंद थांबा. दहा सेकंदांत काही दिसले नाही म्हणून निष्कर्ष काढायचा नाही. फक्त आपल्या मॅकची पॅकेटे जाताना दिसली आणि समोरून एकही आले नाही, तर चेंडू स्विचच्या अंगणात. फायरवॉल बंद करून बघण्यात अर्थ नाही. ही आयपीची पॅकेटे नाहीत, फायरवॉलडीचे साधे नियम त्यांना शिवतही नाहीत.

स्विचच्या अंगणात सर्वात जास्त वेळा सापडणारी चूक म्हणजे सिस्कोवर चॅनल-ग्रुप ‘मोड ऑन’ असणे. ‘ऑन’ म्हणजे स्थिर चॅनल, त्यात एलएसीपी नसतेच. मोड ४ साठी ‘मोड अ‍ॅक्टिव्ह’ हवे. ‘शो ईथरचॅनल समरी’ मध्ये पोर्टच्या नावापुढे कंसात मोठा पी दिसला तर पोर्ट गटात आहे. मोठा आय म्हणजे एकटा पडलाय, छोटा एस म्हणजे निलंबित.

याच चुकीचा एक घातक भाऊ आहे, तोही इथेच सांगतो. सर्व्हरवर मोड १, म्हणजे अ‍ॅक्टिव्ह-बॅकअप, आणि स्विचवर मात्र स्थिर चॅनल. स्विच दोन्ही केबल एकच समजून ट्रॅफिक वाटतो. बॅकअप पोर्टवर आलेली पॅकेटे सर्व्हर टाकून देतो. परिणाम: काही मशिनींवरून सर्व्हरला पिंग जातो, काहींवरून कधीच नाही, आणि प्रत्येक मशिनीचा अनुभव मात्र पक्का, बदलत नाही. असे ‘निम्म्यांना दिसतो, निम्म्यांना नाही’ हे लक्षण ऐकले की आयपी, गेटवे, डीएनएस काही न बघता स्विचचा चॅनल काढायला सांगा. मोड १, ५ आणि ६ ला स्विचवर कसलाही चॅनल नको, साधे पोर्ट हवेत. उलट मोड ० आणि २ ला स्थिर चॅनल लागतो. तो नसेल तर एकच मॅक दोन पोर्टवर उड्या मारतो आणि स्विचच्या लॉगमध्ये मॅक फ्लॅपच्या नोंदींचा पाऊस पडतो.

कोणती केबल स्विचच्या कोणत्या पोर्टला लागली आहे याची खात्री कागदावरून करू नका. एलएलडीपीडी (शेजारच्या उपकरणाची ओळख ऐकणारा प्रोग्राम) चालू असेल तर ‘एलएलडीपीसीटीएल’ थेट स्विचचे नाव आणि पोर्ट सांगते. इंटेलच्या एक्स७१० जातीच्या कार्डांत फर्मवेअरच एलएलडीपी पॅकेटे गिळून टाकते, तिथे ‘ईथटूल --सेट-प्रिव्ह-फ्लॅग्स ईएनओ२ डिसेबल-एफडब्ल्यू-एलएलडीपी ऑन’ करावे लागते. काहीच नसेल तर ‘ईथटूल -पी ईएनओ२ १०’ ने त्या पोर्टचा दिवा दहा सेकंद लुकलुकतो, रॅकपाशी उभ्या असलेल्याला फोनवर विचारायचे.

आता तुमच्या मांडणीवर उपाय. दोन मार्ग आहेत. स्विच स्टॅक होत असतील, म्हणजे एकच स्विच म्हणून चालत असतील, किंवा त्यांच्यात एमलॅग (दोन स्विचांवर मिळून एक चॅनल), सिस्को नेक्ससवर ज्याला व्हीपीसी म्हणतात, ते बांधता येत असेल, तर ते करा. मग दोन्ही स्विच सर्व्हरला एकच सिस्टिम आयडी सांगतात, दोन्ही पोर्टचा अ‍ॅग्रिगेटर आयडी एक होतो, आणि सर्व्हरवर एक अक्षरही बदलावे लागत नाही. ते शक्य नसेल तर मोड ४ सोडा आणि मोड १ घ्या. मोड ४ तसाच ठेवूनही एक केबल राखीव राहते हे खरे, पण ते योगायोगाने चाललेले काम आहे. पुढे कोणी ‘दोन १० गिगाबिट आहेत’ असे गृहीत धरून बॅकअपची वेळ ठरवेल. राखीवच ठेवायची असेल तर उघडपणे राखीव ठेवा.

मोड बदलताना एक अडचण येते. पोर्ट जोडलेले असताना ड्रायव्हर मोड बदलू देत नाही. म्हणून हे काम आयड्रॅक किंवा आयएलओच्या (सर्व्हरची दूरनियंत्रण यंत्रणा) कन्सोलवरून करा, एसएसएचवरून नको. नेटवर्कमॅनेजरवर:

एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय बाँड० बाँड.ऑप्शन्स "मोड=अ‍ॅक्टिव्ह-बॅकअप,एमआयआयमॉन=१००,प्रायमरी=ईएनओ१,प्रायमरी_रीसिलेक्ट=फेल्युअर"

शेवटचा पर्याय मुद्दाम आहे. तो नसेल तर ईएनओ१ परत आल्याबरोबर ट्रॅफिक तिकडे उडी मारते, आणि ती केबल ढिली असेल तर दिवसभर इकडून तिकडे चालू राहते. ‘फेल्युअर’ दिल्यावर चालू पोर्ट खरोखर पडेपर्यंत बदल होत नाही.

एमआयआयमॉन (कॅरियर किती वेळाने तपासायचा) कधीही गाळू नका. जुन्या ड्रायव्हरमध्ये त्याचे मूळ मूल्य ० होते, म्हणजे तपासणी बंद. मोड १ मध्ये ते ० राहिले, तर केबल ओढली तरी बाँडला पत्ता लागत नाही. १०० म्हणजे १०० मिलिसेकंदांतून एकदा, एवढे पुरे.

एमआयआयमॉनला फक्त आपल्या पोर्टचा कॅरियर दिसतो. स्विच जिवंत आहे पण त्याची वरची जोडणी तुटली, तर एमआयआयमॉनच्या लेखी सगळे छान. मोड १ मध्ये याला उपाय एआरपी तपासणीचा, म्हणजे ठरावीक पत्त्यांना विचारून उत्तर येते का ते पाहण्याचा: एआरपी_इंटरव्हल=१००० आणि एआरपी_आयपी_टार्गेट मध्ये गेटवेचा पत्ता, जमल्यास आणखी एक स्थिर पत्ता. लक्ष्य १६ पर्यंत देता येतात, पण एकच दिले आणि ते मशीन मेंटेनन्सला गेले तर बाँड उगाच दोन्ही पोर्ट मेलेले धरतो. एआरपी आणि एमआयआय तपासणी एकत्र चालत नाही, आणि मोड ४, ५, ६ मध्ये एआरपी तपासणी नाहीच.

दीड मिनिटाचे गणित असे. एलएसीपी रेट ‘स्लो’ असताना स्विच ३० सेकंदांतून एकदा पॅकेट पाठवतो आणि सर्व्हर तीन हुकेपर्यंत, म्हणजे ९० सेकंद, वाट पाहतो. नंतर तो पोर्ट ‘मुदत संपली’ अवस्थेत जातो, आणखी ३ सेकंद शेवटची संधी देतो, आणि मग दुसऱ्या अ‍ॅग्रिगेटरकडे वळतो. केबल ओढली तर कॅरियर जातो आणि बदल लगेच होतो, म्हणून केबल ओढून केलेल्या चाचणीत हा दोष सापडत नाही. स्विच रीबूट होताना मात्र काही काळ पोर्टवर कॅरियर असतो आणि स्विचचा मेंदू बंद असतो. सर्व्हर तेवढा वेळ विहिरीत पॅकेटे टाकत राहतो.

मोड ४ ठेवणार असाल तर एलएसीपी_रेट=फास्ट करा: पॅकेट दर सेकंदाला, मुदत ३ सेकंद. यात एक बारकावा नेहमी सुटतो. सर्व्हरवरचे ‘फास्ट’ म्हणजे सर्व्हरने स्विचला केलेली मागणी, की तू मला दर सेकंदाला पाठव. स्विचला सर्व्हरचे मरण लवकर कळायला हवे असेल तर स्विचवरही वेगळे ‘फास्ट’ लागते. आणि हा पर्याय बाँड खाली असल्याशिवाय बदलत नाही, म्हणून कामाच्या वेळेत नको. जे स्विच अपग्रेडच्या वेळी काही सेकंद एलएसीपी थांबवतात, त्यांच्यासमोर ३ सेकंदांची मुदत उलट त्रासाची ठरते, तेव्हा स्विचवाल्यांना आधी विचारा.

स्विच परत येतानाही थोडा खड्डा असतो. पोर्ट वर येतो, पण स्पॅनिंग ट्रीमुळे (नेटवर्कमध्ये चक्र होऊ न देणारी स्विचची यंत्रणा) ऐकण्याचे १५ आणि शिकण्याचे १५ असे ३० सेकंद पॅकेट पुढे जात नाही. सर्व्हरच्या पोर्टवर पोर्टफास्ट (ही वाट टाळणारी सेटिंग), ट्रंक (अनेक व्हीलॅनचा पोर्ट) असेल तर त्याचा ट्रंकसाठीचा प्रकार लावा. तेवढ्याने भागत नसेल तर अपडिले (वर आलेला पोर्ट वापरण्याआधीचा थांबा) वापरा, पण तो एमआयआयमॉनच्या पटीत द्या, नाहीतर ड्रायव्हर स्वतःच खालच्या पटीत आणतो.

समजा एमलॅग झाले, दोन्ही पोर्ट अ‍ॅग्रिगेटर १ मध्ये आले, पोर्ट स्टेट ६३ दिसतोय, आणि तरी ट्रॅफिक एकाच केबलवर. आता हॅशकडे, म्हणजे कोणते पॅकेट कोणत्या केबलवर हे ठरवणाऱ्या गणिताकडे, वळायचे, त्याआधी नाही. ट्रान्समिट हॅशचे मूळ मूल्य लेअर२ आहे, म्हणजे वाटणी मॅक पत्त्यांवरून. तुमचे सगळे क्लायंट दुसऱ्या सबनेटमध्ये असतील तर सर्व्हरच्या दृष्टीने प्रत्येक पॅकेटचा पुढचा मॅक गेटवेचाच. हॅश कायम एकच, केबलही कायम एकच. हा बदल चालू बाँडवर करता येतो:

सुडो आयपी लिंक सेट डेव्ह बाँड० टाइप बाँड एक्समिट_हॅश_पॉलिसी लेअर३+४

पटले की एनएमसीएलआयने कायमचा लिहून ठेवा, नाहीतर पुढच्या रीबूटला जाईल. लेअर३+४ आयपी आणि पोर्ट क्रमांक दोन्ही धरते. तुकडे झालेल्या पॅकेटांत पोर्ट क्रमांक नसतो, म्हणून ते ८०२.३एडी च्या काटेकोर नियमात बसत नाही. मोठी यूडीपी पॅकेटे जाणारे काम असेल तर लेअर२+३ बरे.

एवढे केले तरी सर्व्हरकडून जाणाऱ्या ट्रॅफिकचीच वाटणी बदलते. सर्व्हरकडे येणारे ट्रॅफिक कोणत्या केबलवर टाकायचे हे स्विचचा हॅश ठरवतो, त्याची सेटिंग स्विचवर. ‘जाताना दोन्ही, येताना एकच’ असे दिसले तर सर्व्हरवर वेळ घालवू नका.

आणि एका टीसीपी जोडणीला १० गिगाबिटच मिळणार, २० नाही. मोड ४ मध्ये एक जोडणी एकाच केबलला बांधलेली असते, नाहीतर पॅकेटांचा क्रम मोडेल. दोन केबल म्हणजे दोन पदरी रस्ता, गाडीचा वेग तेवढाच. एका मोठ्या आरसिंकने (फाइल कॉपी) बाँड मोजणारे हमखास निराश होतात. मोजायचे तर ‘आयपर्फ३ -सी’ ला ‘-पी ८’ द्या आणि दुसऱ्या खिडकीत ‘सार -एन डेव्ह १’ लावून ईएनओ१ आणि ईएनओ२ चे आकडे बघा. आठ जोडण्या चार-चार वाटल्या जातीलच असे नाही. पाच-तीन, सहा-दोन हेही नीटच आहे. आयपर्फ३ च्या ३.१६ च्या आधीच्या आवृत्तीत सगळ्या जोडण्या एकाच थ्रेडवर चालतात, तेव्हा आधी सीपीयू दमतो आणि दोष बाँडला लागतो.

नेटवर्कमॅनेजरचा एक नेहमीचा सापळा: इन्स्टॉलच्या वेळी बनलेले ‘वायर्ड कनेक्शन १’ किंवा पोर्टच्याच नावाचे जुने प्रोफाइल. रीबूटनंतर ते ईएनओ२ आधी पकडते, डीएचसीपीचा पत्ता घेते आणि बाँडला एकच पोर्ट उरतो. ‘आयपी -बीआर अ‍ॅड्र’ मध्ये ईएनओ१ किंवा ईएनओ२ पुढे आयपी पत्ता दिसता कामा नये, तो फक्त बाँड० वर. जुने प्रोफाइल काढून टाका किंवा त्याचे ऑटोकनेक्ट ‘नो’ करा. बाँड वर आला पण पोर्ट आलेच नाहीत असे होत असेल तर बाँडच्या प्रोफाइलमध्ये कनेक्शन.ऑटोकनेक्ट-स्लेव्ह्ज १ लावा. हाताने ‘आयपी लिंक सेट ईएनओ२ मास्टर बाँड०’ करताना नकार मिळाला तर पोर्ट आधी खाली घ्या, चालू पोर्ट बाँडमध्ये घेतला जात नाही.

उबुंटूवर हेच काम नेटप्लॅन करतो. तिथे ‘नेटप्लॅन ट्राय’ वर भरवसा ठेवून दूरवरून बाँड बदलू नका, बाँडचे पॅरामीटर मागे फिरवणे त्याला जमत नाही.

‘लिंक फेल्युअर काउंट’ ही ओळही बघून ठेवा. आकडा रोज वाढत असेल तर एलएसीपी निर्दोष आहे, केबल किंवा एसएफपी (पोर्टमध्ये बसणारे मॉड्यूल) बघा. ‘ईथटूल -एम ईएनओ२’ प्रकाशाची पातळी सांगते. १० गिगाबिट एसआर मॉड्यूलला निदान उणे ९.९ डीबीएम प्रकाश मिळायला हवा. त्याच्या आसपास आकडा रेंगाळत असेल तर फायबरचे टोक पुसा, मग मॉड्यूल बदला. डॅक (तांब्याच्या) केबलला प्रकाशच नसतो, तिथे हा आकडा शोधू नका.

सगळे लावून झाल्यावर चाचणी चार प्रकारे घ्या. ‘आयपी लिंक सेट ईएनओ१ डाउन’ ही सर्वात सोपी आणि सर्वात कमी सांगणारी, कारण तिथे सर्व्हरला स्वतःच माहीत असते. मग केबल ओढा. मग स्विचवरून पोर्ट शटडाउन करा. आणि शेवटी, परवानगी मिळेल त्या रात्री, वरचा स्विच प्रत्यक्ष रीबूट करा, कारण तुमची तक्रार तिथलीच आहे. चारही वेळा दुसऱ्या सबनेटमधल्या मशिनीवरून ‘पिंग -आय ०.२’ चालू ठेवा आणि हुकलेले क्रमांक मोजा. दर पाच हुकलेल्या पिंगला एक सेकंद. प्रत्येक चाचणीनंतर केबल परत लावल्यावर, मोड ४ असेल तर, दोन्ही पोर्टचा अ‍ॅग्रिगेटर आयडी पुन्हा एक झाला का हे प्रॉकच्या फाइलमध्ये बघून मगच पुढच्या चाचणीला हात घाला, नाहीतर तुटलेल्या बाँडवर पुढची चाचणी घ्याल आणि भलत्याच गोष्टीला दोष द्याल.